काजळीचा एक डाग

गेल्या मे महिन्यात माझा नातू सुटीसाठी नाशिकला आला, तेव्हा त्याच्या पिशवीत एक चपटे खोके होते. खोक्यात राखाडी प्लास्टिकच्या काही चौकटी, त्या चौकटींना देठांनी जोडलेले लहान-मोठे असंख्य भाग, पाण्यात भिजवून लावावयाच्या चिन्हांचा एक कागद आणि झाकणावर मिग-२१ या लढाऊ विमानाचे रंगीत चित्र. बहात्तरास एक या प्रमाणातली ती प्रतिकृती आम्हां दोघांना मिळून करावयाची होती. कापणे, घासणे, चिकटवणे यांत आठ दिवस गेले आणि विमान उभे राहिले. मग सुटी संपली. पुण्यास परत जाताना नातू म्हणाला, "आजोबा, रंगाचं काम आता तुम्ही करा. पण ते खरं दिसलं पाहिजे हं. खेळण्यासारखं नको."

ती अट मी हसत हसत मान्य केली. ती पुरी करण्यात चार महिने गेले. त्या चार महिन्यांत विमानाच्या पोटाखालच्या एका डागावरून जो प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला, तो आपल्या वाचकांसमोर मांडावा असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांनी हे काम कधी पाहिलेले नाही, त्यांची समजूत अशी असते, की भाग जोडले म्हणजे विमान झाले. वस्तुतः जोडणी हा कामाचा लहान हिस्सा आहे. खरे काम पृष्ठभागाचे. विमानाचे अंग एकसंध नसते. धातूच्या अनेक पत्र्यांचे तुकडे सांगाड्यावर बसवून ते तयार होते. त्या तुकड्यांमधल्या सांध्यांच्या रेषा, रिव्हेटच्या ओळी, तपासणीसाठी ठेवलेल्या झडपा, त्यांचे स्क्रू, उन्हाने विटलेला रंग, बुटांच्या घर्षणाने उघडा पडलेला पत्रा, ओघळलेले तेल, हे सारे पृष्ठभागावर दिसावे लागते. ते नसेल, तर प्रतिकृती साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत दिसते.

आता हिशेबाची गंमत पाहा. बहात्तरास एक या प्रमाणात प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे मूळ विमानावरचे ७.२ सेंटिमीटर. मिग-२१ च्या दोन्ही पंखांची टोकापासून टोकापर्यंत लांबी ७.१५ मीटर, म्हणजे आमच्या टेबलावर जेमतेम दहा सेंटिमीटर. प्लास्टिकवर कोरलेली सांध्याची रेषा ०.२ मिलिमीटर रुंद धरली, तर मूळ विमानात ती जवळजवळ दीड सेंटिमीटरची फट होईल. एवढ्या फटी घेऊन कोणते विमान उडेल? मापाने अचूक राहायचे, तर ती रेषा डोळ्यांस दिसणारच नाही इतकी बारीक हवी. पण मग विमान पुन्हा साबणाची वडी होते. मापाच्या दृष्टीने ती रेषा खोटी आहे आणि पाहणाऱ्याच्या अनुभवाच्या दृष्टीने खरी आहे. अनेकान्ताचे संस्कार झालेल्या आपल्या घरांत या विधानाचे आश्चर्य वाटू नये. कोणत्या नयाने बोलत आहोत, ते सांगितले म्हणजे दोन्ही विधाने टिकतात. निक्षेपाच्या विवेचनात स्थापनेचे दोन प्रकार आपण वाचतो. बुद्धिबळाच्या सोंगटीला राजा म्हणणे ही अतदाकार स्थापना आणि मूळ आकाराशी साम्य असलेल्या वस्तूत त्याची स्थापना करणे ही तदाकार. माझे काम दुसऱ्या प्रकारचे होते. या भेदाला पुढे किती वजन येणार आहे, याची तेव्हा मला कल्पना नव्हती.

धडाचे दोन अर्धे चिकटवून सांधा घासला, की त्या जागच्या कोरीव रेषा पुसल्या जातात. त्या पुन्हा कोराव्या लागतात. मुठीत बसवलेली बारीक सुई, मार्गदर्शक म्हणून चिकटवलेली जाड पट्टी आणि संयम एवढेच साहित्य. सुई ढकलायची नसते, ओढायची असते, आणि तीही जोर न देता चार-पाच वेळा. माझी सुई पहिल्याच दिवशी घसरली आणि पंखावर आडवा ओरखडा उठला. तो पुट्टीने भरला, वाळवला, घासला आणि पुन्हा सुरुवात केली. असे किती वेळा झाले, ते मोजलेले नाही.

हे विमान मला तसे परके नव्हते. नोकरीच्या काळात काही वर्षे मी ओझर येथील एका बँकशाखेत अधिकारी होतो. ओझरला मिग-२१ बांधण्यासाठी हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ साली स्थापन झाला. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आमच्या शाखेचे बहुतेक खातेदार त्याच कारखान्यातले. विमान आकाशात झेपावले, की खिडक्यांच्या काचा थरथरत, नोटा मोजणारा आमचा रोखपाल मध्येच थांबे आणि गठ्ठा पुन्हा पहिल्यापासून मोजू लागे. त्या आवाजाला आम्ही रोज नावे ठेवत होतो. पण ते विमान जवळून पाहावे, असे तेव्हा एकदाही मनात आले नाही.

त्या खातेदारांपैकी पत्राकामाच्या विभागातले एक गृहस्थ आजही माझ्या संबंधात आहेत. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. आता ते ऐंशीच्या घरात आहेत. जूनमध्ये एके दिवशी बुटाच्या खोक्यात कापूस घालून मी प्रतिकृती त्यांच्याकडे नेली. पंखांवर दातेरी चाक फिरवून मी रिव्हेटच्या ओळी उठवल्या होत्या आणि त्यांचा मला अभिमान वाटत होता. नानांनी चष्मा पुसला, विमान उजेडात धरले आणि विचारले, "साहेब, हे विमान आहे की पाण्याची टाकी?"

मग त्यांनी समजावून सांगितले. ध्वनीच्या दुप्पट वेगाने जाणाऱ्या विमानाच्या अंगावर रिव्हेटचे डोके वर राहिले, तर तेच हवेला अडवते. म्हणून पत्र्यात आधी खळगा करून रिव्हेटचे डोके पत्र्याच्या पातळीत बसवतात. बोट फिरवले तरी ते लागता कामा नये. म्हणजे टाकीसारख्या टपोऱ्या ओळी इथे मुळातच चूक होत्या. मी त्या भरून काढल्या आणि जिथे दिसायला हव्यात तेवढ्याच पुसट ठेवल्या.

नानांनी दुसरी चूक नाकाडावर दाखवली. या विमानाच्या तोंडाशी हवा आत घेण्याचे गोल भोक असते आणि त्याच्या मधोमध एक शंकू. त्या शंकूच्या टोकावर मी रुपेरी पेन्सिलीने रंग उडाल्याच्या खुणा केल्या होत्या. नाना म्हणाले, "या शंकूच्या आत रडार असतं. शंकू धातूचा केला, तर त्याच्या लहरी बाहेर जातील कशा? हा धातूचा नाहीच. रंग उडाला, तरी खालून चांदी कुठून दिसणार?" उलट धडाच्या मागच्या बाजूचा एक सांधा मी इतर रेषांसारखाच बारीक ठेवला होता. तो त्यांनी ठळक करावयास सांगितला. इंजिन बदलताना विमानाचा मागचा भागच तिथून वेगळा काढतात. तो सांधा वारंवार उघडतो, वारंवार मिटतो. त्याच्या कडा घासलेल्या असणारच.

निरोप घेताना त्यांनी जे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. "साहेब, डाग टाकण्याआधी स्वतःला विचारायचं, हा कोणी पाडला? कारण सापडलं तरच टाकायचा."

या एका वाक्याने माझे पुढचे काम सोपे झाले आणि अवघडही. पंख जिथे धडाला मिळतो, तिथे देखभाल करणाऱ्यांचे पाय पडतात, म्हणून तिथला रंग उडणार. इंधन भरण्याच्या झाकणाभोवती सांडलेल्या इंधनाचा डाग राहणार. पोटाखाली तेलाचे ओघळ मागच्या दिशेने ओढलेले असणार, कारण ते वाऱ्याने ओढलेले आहेत. शेपटीकडच्या धातूवर उष्णतेने पिवळसर, तपकिरी, निळसर झाक चढणार. वरचा करडा रंग आपल्याकडच्या उन्हाने फिका पडणार, आणि खालचा, सावलीतला, त्या मानाने गडद राहणार. रंगाचेही एक शास्त्र आहे. मूळ विमानाचा रंग जसाच्या तसा एवढ्याशा प्रतिकृतीला दिला, तर तो डोळ्यांस अधिक गडद भासतो, म्हणून त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. रंग वाळला की त्यावर चकाकीचे वार्निश, मग पातळ केलेला तैलरंग रेषांत सोडायचा. ब्रशचे टोक रेषेला टेकवले, की तो आपोआप रेषेतून धावत जातो. त्या वेळी मला लहानपणी टीपकागदावर पसरणारी शाई आठवे. हा रंग काळा घेऊ नये, राखाडी-तपकिरी घ्यावा. वाळत आल्यावर जास्तीचा रंग पुसायचा, तोही पंखांवर पुढून मागे आणि धडावर वरून खाली, कारण वारा आणि पाऊस त्याच दिशांनी जातात. शेवटी चकाकी मारणारे निस्तेज वार्निश दिले, की सारे एकजीव होते.

या कामात आपल्या आचाराचे दोन नियम मी पाळले. या छंदात मानले जाणारे उत्तम ब्रश मुंगुसासारख्या एका प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे असतात. मी नायलॉनचेच वापरले. आणि दिवा लावून रंगकाम केले नाही. पावसाळ्यात दिव्यावर चिलटे येतात आणि ओल्या वार्निशला चिकटतात. गॅलरीतल्या सकाळच्या उजेडातच काम केल्याने जीव वाचले आणि रंगांची पारखही बरी झाली.

डागाला कारण असावे, हे तत्त्व मला पटले, त्यामागे माझ्या नोकरीतला एक अनुभव आहे. एका शाखेत असताना एका कर्जदार पेढीची पुस्तके तपासण्याचे काम माझ्याकडे आले. वर्षभराची कीर्द समोर होती. बेरजा बिनचूक, अक्षर सुवाच्य, खाडाखोड नाही. तरी मन साशंक झाले. सांगलीला आमच्या वडिलांचे गुळाच्या आडतीचे दुकान होते. त्यांची कीर्द मी लहानपणापासून पाहत आलो होतो. तिच्यावर चहाचे वर्तुळ असे, गुळाच्या बोटांचे ठसे असत, कधी शाई बदललेली, कधी घाईच्या दिवशीचे अक्षर वाकडे. या पुस्तकात मात्र चैत्रातले पान आणि फाल्गुनातले पान एकाच बैठकीतले वाटत होते. पुढे तसेच निघाले. सारी कीर्द तपासणीआधी चार दिवसांत लिहिलेली होती. प्रतिकृतीवर सगळीकडे एकसारखा मळ फासणारे आणि कोरी करकरीत ठेवणारे, दोघेही नेमकी हीच चूक करतात. खरी झीज एका दिवसात होत नाही, आणि सगळीकडे सारखी होत नाही.

श्रावणाच्या अखेरीस मी विमान उलटे करून पोटाकडे आलो. या विमानाच्या पोटाला २३ मिलिमीटरची, दोन नळ्यांची तोफ असते. तोफ चालली, की नळ्यांच्या तोंडाशी आणि मागे काजळी धरते. छायाचित्रांत तसे डाग मी पाहिले होते. कारण स्पष्ट होते. मी खडूची काळी-करडी पूड कोरड्या ब्रशने तिथे लावली. डाग इतका हुबेहूब उमटला, की मी स्वतःवरच खूश झालो.

त्याच सुमारास दशलक्षण पर्वासाठी माझी थोरली बहीण, आमची अक्का, सांगलीहून आमच्याकडे आली. तिला गजपंथालाही जायचे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गॅलरीत आली तेव्हा विमान तसेच उलटे पडलेले होते.

"हे काळं काय रे?"

"तोफेची काजळी."

"म्हणजे ही तोफ चालली?"

"चालली असं दाखवायचं आहे."

अक्का थोडा वेळ पाहत राहिली. मग म्हणाली, "दाखवायचं आहे, म्हणजे तू चालवलीस."

मी हसण्यावारी नेऊ लागलो, तेव्हा तिने यशोधर राजाची आठवण दिली. ती कथा आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी ऐकली असेल. सोमदेवसूरींनी इसवी सन ९५९ मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथाचा विषय तीच कथा आहे. अशुभ टळावे म्हणून आईने देवीला बळी देण्याचा आग्रह धरला. राजाने जिवंत प्राणी मारण्यास नकार दिला, आणि अखेर तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी दिला. पिठाचाच कोंबडा, रक्ताचा थेंबही नाही. तरी त्या संकल्पाचे फळ म्हणून माता-पुत्रांना जन्मोजन्मी पशुयोनीत हिंडावे लागले. अक्का म्हणाली, "कोंबडा पिठाचा होता, भाव पिठाचा नव्हता. तुझं विमान प्लास्टिकचं आहे. तो डाग टाकताना तुझ्या मनात काय होतं, ते तूच पाहा."

मी बँकेत पुष्कळ वाद घातलेले आहेत. इथेही घातला. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य आहे, विरोधी हिंसा नाही. देशाचे रक्षण करणारा सैनिक दोषी कसा? १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्यातील गव्हर्नर निवासावर मिग-२१ विमानांनी हल्ला केला आणि दोनच दिवसांनी ते युद्ध संपले. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती ज्याने घडवून घेतली, तो चामुंडराय सेनापतीच नव्हता काय?

"होता," अक्का म्हणाली. "तो रणावर गेला राज्यासाठी. तू गॅलरीत कशासाठी बसलास?"

तिने त्याला अनर्थदंड हा शब्द वापरला. ज्यात आपले काही प्रयोजन नाही, असे पाप. आचार्यांनी त्याचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत अपध्यान आहे. दुसऱ्याच्या नाशाचे चिंतन करीत बसणे. मी कोणाच्या नाशाचे चिंतन केले नव्हते, हे खरे. पण तोफ कुठल्या कोनातून पेटली असेल, धूर किती मागे गेला असेल, याचा मी एक संपूर्ण सकाळभर रस घेऊन विचार केला होता, आणि नळीच्या पुढे काय होते, याचा एक क्षणही नाही. हे मला नाकारता आले नाही.

पर्वाचे दहा दिवस मी रंगांना हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जवावर प्रवचन झाले. मनात एक, वाणीत दुसरे आणि कृतीत तिसरे असू नये, याचे विवेचन चालू असताना माझ्या डोळ्यांपुढे तो डाग येत होता. त्यावर अजून वार्निश चढलेले नव्हते. ओल्या बोळ्याने पुसला असता, तर मिनिटभरात गेला असता. अक्काचे समाधान झाले असते. पण तोफ तशीच ठेवून तिची काजळी पुसणे हे आर्जव कसे होईल? ते तर चार दिवसांत लिहिलेल्या त्या कोऱ्या कीर्दीसारखेच झाले असते. आणि डाग तसाच ठेवून, कलाकुसर म्हणून मिरवणे, हेही आता जमणार नव्हते.

क्षमावाणीच्या दिवशी मी नानांकडे गेलो. त्यांना आमची चाल ठाऊक आहे. मी हात जोडले, त्यांनीही जोडले. मग चहा घेताना मी त्यांना सगळे सांगितले. मला वाटले होते, ते अक्काच्या सोवळेपणाला हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "आम्ही तोफेकडे कधी पाहिलंच नाही, साहेब. आम्ही पत्रा पाहिला. पण कुठे विमान पडल्याची बातमी आली, की दिवसभर शॉपमध्ये कोणी मोठ्याने बोलत नसे. प्रत्येक कामाच्या कागदावर कोणाची ना कोणाची सही असते. जो तो मनात आठवत बसायचा, आपली सही कुठल्या कुठल्या विमानावर आहे." थोड्या वेळाने ते म्हणाले, "गोळी पुढे जाते म्हणून तुमच्या अक्का बोलल्या. आत बसलेलाही कोणाचा तरी मुलगा असतो."

२०१२ साली तत्कालीन संरक्षणमंत्र्यांनी संसदेत दिलेल्या माहितीनुसार तोवरच्या सुमारे चाळीस वर्षांतील मिग विमानांच्या अपघातांत १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले होते. आकडा मी पूर्वी वाचला होता. आयुष्यभर आकड्यांतच वावरलो, तरी त्या आकड्याला नानांच्या स्वयंपाकघरातल्या त्या शांततेत प्रथमच वजन आले.

घरी परतताना वाट सापडली, ती धर्मग्रंथातून नव्हे, माझ्याच व्यवसायातून. हिशेबाच्या पुस्तकात चुकीची नोंद झाली, तर ती खोडायची नसते. खोडणे हा गुन्हा. तिच्यासमोर उलट नोंद करायची असते, म्हणजे काय घडले आणि नंतर ते कसे दुरुस्त केले, हे दोन्ही वाचणाऱ्याला दिसते. मी डाग पुसला नाही. उलट नोंद केली.

पंखांखालची क्षेपणास्त्रे मी अजून चिकटवलेली नव्हती. ती तशीच खोक्यात ठेवली. पंखाखालचे त्यांचे धारक रिकामे ठेवले, आणि रिकाम्या धारकांवर जे ओरखडे असतात, तेवढे दाखवले. चाकांना पाचर लावली. तोंडाच्या भोकावर लाल झाकण बसवले, कारण उडायचे नसलेल्या विमानाला ते लावतात. रंग आणखी थोडा विटवला. आणि तोफेची काजळी, धडाच्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन, इतकीच राहू दिली, की पुसून पुसूनही जी जात नाही. कारण विचारले, तर सांगता येईल असे कारण आता प्रत्येक डागाला होते. हे निवृत्त विमान आहे. याने जे केले ते केले, आता ते करणार नाही.

अक्का सांगलीला परत निघाली त्या सकाळी तिला ते दाखवले. तिने उलटे करून पाहिले. "ठेवलास होय डाग," एवढेच म्हणाली. मी उलट नोंदीची गोष्ट सांगितली. वडिलांच्या दुकानात वाढलेली बाई, तिला ती लगेच कळली. तरी तिने मला पुरते सोडले नाही. "पुढच्या वेळी दुसरं काही कर. प्रवासी विमान कर. आणि हे देवघराच्या भिंतीला ठेवू नकोस." दोन्ही गोष्टी मी मान्य केल्या आहेत.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ भारतीय वायुदलातून निवृत्त झाले. १९६३ साली त्याची पहिली स्क्वाड्रन चंडीगडलाच उभी राहिली होती. बासष्ट वर्षांनी त्याच ठिकाणी निरोप झाला. तो कार्यक्रम मी नानांच्या घरी बसून दूरदर्शनवर पाहिला. प्रतिकृती बरोबर नेली होती. नातवाला भ्रमणध्वनीवर ती फिरवून फिरवून दाखवली.

"आजोबा, क्षेपणास्त्रं कुठे गेली?"

"खोक्यात आहेत."

"लावली का नाहीत?"

"ते आता निवृत्त झालं. माझ्यासारखं."

तो थोडा हिरमुसला. मग पोटाखाली त्याचे लक्ष गेले. "मग ही काजळी का ठेवली?"

"ती घडून गेलेली गोष्ट आहे. ती कशी काढणार?"

त्याला ते किती समजले, हे मला सांगता येणार नाही. दिवाळीत येईल तेव्हा यशोधर राजाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती सांगताना आपल्या हातून काय घडले, तेही.

दूरदर्शनवर शेवटचे विमान उतरले तेव्हा नानांनी प्रतिकृती तळहातावर घेतली होती. त्यांचा अंगठा धडाच्या मागच्या त्या सांध्यावरून फिरला. मग पंखावरून फिरला, जिथे मी रिव्हेटच्या ओळी भरून काढल्या होत्या. "आता बोटाला लागत नाहीत," ते म्हणाले, आणि विमान कापसात ठेवून त्यांनी खोक्याचे झाकण लावले.